मंजुळाला नोकरी परवडते का?

मुजुमदारकाका कुणाला पगार विचारत नाहीत, पगारातून गळतं किती ते विचारतात. मी पुण्याहून सर्जापूर रोडवरच्या या सोसायटीत आले, त्या दिवशी सामान वर यायच्या आत समोरच्या दारातून प्रश्न आला, "ऑफिस बेळ्ळंदूरला ना? रोजचे अडीच तास रस्त्यात. ते पगारातून वजा केलेस का?" मी केले नव्हते. त्यांनी कागदावर करून दिले. तो महिना मला फार जड गेला.

काका एका सरकारी कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यातून निवृत्त झालेले. सगळा जन्म इथल्याच जुन्या चामराजपेटेत गेल्यामुळे बोलण्यात मधेच कानडी डोकावते. "स्वल्प थांब, वजाबाकी राहिली," हे त्यांचं पालुपद. काकू गेल्यावर मुलानं त्यांना इथे फ्लॅट घेऊन दिला आणि स्वतः कॅनडाला गेला. तेव्हापासून इस्त्रीवाल्यापासून वॉचमनपर्यंत काकांनी कुणालाही सोडलेलं नाही.

मग पाळी आली जिने झाडणाऱ्या मंजुळाची. नवरा सुतारकामाला जातो, तीन वर्षांची चिन्नी शेजारणीकडे असते. काकांनी सगळं विचारून घेतलं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये कागद फडकवला.

"आपण ठेकेदाराला देतो ते एवढं. त्यातलं हिच्या हातात पडतं ते एवढं. मूल सांभाळायचे शेजारीण घेते, ते वजा. बायकांना बस फुकट, पण पहाटे बस येते कुठे? शेअर ऑटो वजा. उरलं काय? सरकार तिला दर महिन्याला घरबसल्या देतं, त्याहून कमी! आणि आपण राबवून घेतो!"

सेक्रेटरी म्हणाले, "विषय पुढच्या मीटिंगला घेऊ."

कमिटीवर काडीचा परिणाम झाला नाही. झाला तो मंजुळावर. काकांनी तोच कागद तिलाही कानडीतून समजावला होता. तिनं शांतपणे ऐकलं, "सरी अज्जा," म्हणजे "बरं आजोबा, तुमचं बरोबर आहे," म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

जिन्यात धूळ साठली. बायका काकांना ऐकवू लागल्या, "तुमच्या वजाबाकीत आमची बाईच गेली." काका मान खाली घालून लिफ्टनं जाऊ लागले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "चल गं जरा. मला एकट्याला तोंड दाखवायची लाज वाटते."

आम्ही तिच्या घरी गेलो. मंजुळानं आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः दारात बसली. "काम मला हवंय, अज्जा. तिथे मला माझ्या नावानं हाक मारतात. चिन्नीच्या शाळेसाठी बाजूलाही टाकायचं होतं. पण शेजारणीला देऊन काही उरत नाही, हे तुम्हीच दाखवलंत ना?"

काकांनी खिशातून तो कागद काढला आणि शेजारणीच्या ओळीवर काट मारली. "चिन्नीला माझ्याकडे सोड."

"आणि तुम्हाला काय द्यायचं?"

"तिचा डबा दे फक्त. मला तिखट जमतं, पोरांचं जेवण जमत नाही."

तेव्हापासून सकाळी सहाला चिन्नी झोपेतच काकांच्या सोफ्यावर येऊन पडते. आठ वाजता उठते आणि मग मजला जागा होतो. काकांचा कॅल्क्युलेटर आता तिचा फोन आहे. तो वाजला, असं ती म्हणाली की काकांना "हॅलो" म्हणावंच लागतं. एवढ्या वर्षांचा कडक माणूस सोफ्याखालून बोलताना मी स्वतः पाहिलाय.

पुढे कमिटीनं कुरकुरत का होईना, पगार वाढवला. परवा मंजुळा पेढे घेऊन आली. चिन्नीला शाळेत प्रवेश मिळाला होता.

"उत्तम," काका म्हणाले. "उत्तम झालं." आणि दाराची चौकट धरून उभे राहिले. चेहरा असा उतरला की मला बघवेना. मग त्यांनी विचारलं, "सुटते किती वाजता शाळा?"

"साडेबाराला."

"तुझं काम तर दोनपर्यंत."

"हो. म्हणून व्हॅनवाल्याला मी तुमचाच पत्ता दिलाय, अज्जा. शाळेच्या फॉर्मवर पण घर म्हणून तोच लिहिलाय."

काका "सरी, सरी" म्हणाले आणि घाईघाईनं आत गेले. त्यांचे पेढे माझ्याच हातात राहिले.