जातीने हजर राहण्याचं कलम

लेकीला घरी कसं आणायचं याचा बेत वजावटकाकांनी दाढी करता करता पक्का केला आणि आरशातल्या स्वतःकडे बघून शाबासकीची मान हलवली. बेत अगदी सोपा होता. लेकीला फोन लावायचा आणि सांगायचं, "यंदाचं तुझं रिटर्न भरायचं तर तुला जातीने यावं लागेल." बस्स! कायद्यापुढे कोणाचं काय चालतं?

वजावटकाका धंद्याने करसल्लागार. त्यांचं खरं नाव भिंतीवरच्या प्रमाणपत्रात होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर आली नव्हती. ज्याच्या उत्पन्नातून काकांनी एखादी वजावट उकरून काढली नाही, असा माणूस गावात सापडला नसता. पाय मोडलेला माणूस रडत त्यांच्याकडे यायचा आणि उपचाराच्या खर्चाची सूट घेऊन हसत, लंगडत बाहेर पडायचा. काकांची एक जुनी फुशारकी होती, "माझ्या क्लायंटला घराचा उंबरा ओलांडावा लागत नाही! सगळं मी इथे बसून करतो!"

हीच फुशारकी त्यांच्या गळ्याशी आली होती. कारण त्यांची सगळ्यात गुणी क्लायंट म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. ती परदेशात पूल बांधायची. इथे तिच्या नावावर एक छोटा फ्लॅट होता, तो भाड्याने दिलेला, म्हणून दरवर्षी रिटर्न. सुरुवातीला ती विचारायची, "बाबा, रिटर्नच्या निमित्ताने येऊन जाऊ का?" आणि काका छाती फुगवून म्हणायचे, "छे! त्यासाठी कशाला येतेस? मी बसलोय ना!" असं दोन-तीनदा झाल्यावर तिने विचारायचंच सोडलं. ती येऊन गेली त्याला आता चार वर्षं होत आली होती.

काकांना तिची आठवण यायची. सकाळी यायची, जेवताना यायची, आणि ऐन हंगामात, बाहेर क्लायंट ताटकळत बसलेले असतानाही यायची. तिच्या रिकाम्या खोलीत त्यांनी जुन्या फायली रचल्या होत्या. आधी कोपऱ्यात, मग टेबलावर, शेवटी पलंगावर. एखादी फाईल शोधायला म्हणून ते खोलीत जायचे, बराच वेळ उभे राहायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे.

"सापडली का?" काकू विचारायच्या.

"नाही," काका म्हणायचे. काकूही पुढे काही विचारायच्या नाहीत, कारण त्याही त्याच खोलीत केरसुणी शोधायला जायच्या.

आणि यंदा लेकीचा फ्लॅट विकला गेला! परदेशी राहणारी मालकीण, फ्लॅटच्या विक्रीवरचा नफा, आधीच कापला गेलेला कर, त्याचा रिफंड. एवढं गुंतागुंतीचं रिटर्न समोर आल्यावर दुसऱ्या कोणाचं डोकं दुखलं असतं. काकांचं डोकं चाललं.

"जातीने यावं लागेल?" लेक फोनवर म्हणाली. "बाबा, नक्की? आता तर सगळं ऑनलाइन होतं ना?"

"करसल्लागार तू आहेस की मी?"

"तुम्ही."

"मग तू पूल बांध!"

"बरं, बघते रजेचं," ती म्हणाली. काकांनी फोन ठेवला आणि घरात एक फेरी उगाचच मारली.

दुसऱ्या दिवशी तिचा उलटा फोन. साहेबांनी चार दिवस दिले होते, तिकीटही काढलं होतं. काकूंनी तिथल्या तिथे पडदे उतरवून भिजत घातले. "फक्त एक करा बाबा," लेक म्हणाली. "साहेबांना रजेच्या अर्जाला कारण जोडून हवंय. ते कलम कुठलं, तेवढं लिहून पाठवा."

"पाठवतो की! त्यात काय!" काका म्हणाले आणि फोन ठेवताच कपाटातून कायद्याचं पुस्तक काढून बसले.

पण असं कलमच नव्हतं. काकांनी पुस्तक उलटंपालटं केलं, तळटिपा वाचल्या, परिपत्रकं वाचली. सरकारला माणसाचा पैसा हवा होता, माणूस नको होता! शेवटी त्यांनी ठरवलं, प्रकरण शनिवारच्या बैठकीत न्यायचं.

ही बैठक म्हणजे गावातल्या तीन करसल्लागारांचा अड्डा. झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत, नोटीसबाईंच्या ऑफिसात भरायचा. नोटीस आली म्हटलं की लोकांना घाम फुटतो, बाईंना भूक लागायची. दुसरे पोर्टलराव. कर खात्याची वेबसाइट त्यांना तोंडपाठ होती. कुठलं बटण कुठल्या कोपऱ्यात आहे, ते टकलावरून हात फिरवत, डोळे मिटून सांगायचे. अडलेलं रिटर्न इथे आणायचं आणि तिघांनी मिळून सोडवायचं. नियम एकच, क्लायंटचं नाव सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही. पोर्टलरावांनी एकदा स्वतःच्या मेव्हण्याची लफडी 'माझा एक क्लायंट' म्हणून तासभर सांगितली होती, आणि मेव्हणा खाली झेरॉक्स काढत उभा असूनही कोणी ब्र काढला नव्हता.

"माझी एक क्लायंट आहे," काकांनी सुरुवात केली. "परदेशी असते. इथला फ्लॅट विकलाय. तिला रिटर्नसाठी जातीने यावं लागेल, हे कुठल्या कलमात बसेल?"

दोघांच्या खुर्च्या एकदम पुढे सरकल्या.

"कोण म्हणतं यावं लागेल?" बाई कडाडल्या.

"म्हणजे... मी म्हणतो."

"तुम्ही? आणि स्वतःला वजावटकाका म्हणवता! बिचारीला एवढ्या लांबून फरपटत आणणार?"

"फरपटत नाही हो. विमानाने," काका पुटपुटले.

"काही यायला नको!" पोर्टलरावांनी डोळे मिटले. "लॉगिन करायचं, डावीकडचा मेनू, तिसरी ओळ."

"तिचा इथला मोबाईल बंद आहे. ओटीपी कुठे येणार?"

"ईमेलवर!"

"ईमेलचा पासवर्ड ती विसरली."

"त्याच्याच खाली बटण आहे. निळं."

"इथलं बँक खातं बंद पडलंय," काकांनी ठोकून दिलं. लेकीचं खातं ठणठणीत होतं.

"तिकडच्या खात्यात रिफंड जातो. आता चालतं तसं," पोर्टलराव खुशीत म्हणाले. केस जसजशी बिघडत होती, तसतसा त्यांच्या चेहऱ्यावर तजेला येत होता.

"एवढं कशाला?" बाईंनी टेबलावर हात आपटला. "मुखत्यारपत्र करा! वडील आहेत ना तिला?"

"आहेत," काका म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला. वडील करतील सही."

"वडिलांना नाही जमणार."

"का? काय होतं त्यांना?"

काकांनी समोरचा कागद उलटा करून पाहिला. "तसे बरे आहेत," ते म्हणाले. "पण अलीकडे त्यांचं मन लागत नाही कशात."

"मन लागत नसलं तरी सही करता येते!" बाईंनी निकाल देऊन टाकला. पोर्टलरावांनी मात्र एक डोळा उघडून काकांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. पण बाईंना राहवलं नाही. त्यांनी ही केस करसल्लागारांच्या मोठ्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, 'एका परदेशस्थ भगिनीला यातायातीतून वाचवा!' झालं! गावोगावचे सल्लागार बाह्या सरसावून उतरले. काकांचा फोन घास तोंडात असताना वाजायचा, आंघोळीला गेले की दारावर थाप पडायची, "अहो, तुमचा फोन थरथरतोय!" काकांनी टोपण नावाने लिहून पाहिलं की भगिनीचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. लगेच तिघांनी डाव्या अंगठ्याच्या ठशाचा नमुना पाठवला. काकांनी लिहिलं, भगिनीला संगणकाची भीती वाटते. एका दयाळू माणसाने चित्रं काढून सगळ्या पायऱ्या समजावल्या आणि खाली लिहिलं, 'ताई, घाबरू नका.' अख्खा धंदा हातात हात घालून त्यांच्या लेकीला घरी येण्यापासून अडवत होता!

आणि इकडे घरात पडदे वाळले होते. खोलीतल्या फायली बोळात आल्या होत्या आणि काका त्यांना अडखळून रोज एकदा तरी भिंत धरत होते. गेलेला दिवा बदलला होता. काकूंनी पलंगावर नवी चादर घातली, मग काढली, मग दुसरी घातली. "तिला निळी आवडायची ना हो?" त्या विचारत होत्या. चार वर्षांत आवड बदलली असेल का, हे दोघांनाही माहीत नव्हतं. कलम पाठवलंत का, म्हणून लेकीचा रोज निरोप यायचा आणि काका रोज लिहायचे, 'आज पाठवतो.'

शेवटी केस पोर्टलरावांनी सोडवली. नाव विचारायचं नाही असा नियम होता, पण ओळखायचं नाही असा थोडाच होता! परदेशी पूल बांधणारी, इथे फ्लॅट विकलेली मुलगी गावात होती किती? लहानपणी तिला स्कूटरच्या पुढे उभं करून त्यांनीच फिरवलं होतं. पोर्टलरावांनी आपल्यापुरतं ताडलं की जन्मात पहिल्यांदा वजावटकाका अडलेत, तेही स्वतःच्या लेकीच्या रिटर्नवर, आणि लाजेने बोलत नाहीत. मित्राची अब्रू झाकायला नको का? त्यांनी गुपचूप लेकीला फोन लावला.

पुढच्या रविवारी सकाळी काका-काकू तिच्या खोलीत धुतलेला पडदा टांगत होते, तेव्हा तिचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, काम झालं!"

"कुठलं?"

"रिटर्न! पोर्टलकाकांनी फोनवर सांगितलं, मी इकडे बटणं दाबली. चहा निवायच्या आत भरून झालं! आता यायची काही गरज नाही. तिकीट रद्द करून टाकलं."

काकू स्टुलावरून उतरल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"वा," काका म्हणाले. "छान झालं. हुशार आहेस."

"बाबा, आवाज असा का येतोय?"

"धूळ आहे जरा. फायली हलवल्या ना."

"माझ्या पलंगावरच्या? का हलवल्या?"

काका पडद्याच्या कड्या मोजायला लागले. काकूंनीच सांगितलं, "तू झोपणार होतीस म्हणून."

पलीकडे काही आवाज नाही. काकांना वाटलं, फोन कट झाला. मग वाटलं, झाला असेल तर बरंच आहे, आता खरं बोलता येईल. "तसं कलम कुठे नाहीच गं," ते म्हणाले. "शोध शोध शोधलं. तुला बघावंसं वाटत होतं, म्हणून थाप मारली. फार वाटत होतं."

फोन कट झाला नव्हता.

"मग एवढंच सांगायचं ना बाबा!" लेकीचा आवाज आता चहा निवण्याच्या गोष्टी करणारा राहिला नव्हता. "दरवर्षी म्हणायचात, कशाला येतेस. व्हिडिओवर बघावं तर माझ्या पलंगावर फायली. मला वाटलं, तिथे आता माझी अडचणच आहे."

"वेडी की काय तू!" काकू ओरडल्या. "अडचण या फायलींची आहे! तुझे बाबा रोज आपटतायत त्यांच्यावर!"

लेक रडता रडता हसली. "ऐका मग. कराच्या कामाला साहेबांनी चार दिवस दिले होते. पण घरून काम करायची सवलत आहे आमच्याकडे, मी कधी मागितलीच नाही. नकाशे काय, मी तिथे बसूनही काढेन. सात-आठ महिने येऊन राहू?"

सात-आठ महिने! चार दिवसांसाठी ज्याने आकाशपाताळ एक केलं, त्याच्या पदरात कोणी सात-आठ महिने टाकत होतं. त्यांनी 'ये' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून आयुष्यभराची सवय बाहेर पडली.

"सात-आठ महिने? अजिबात नको! अगं, अर्ध्या वर्षाच्या वर राहिलीस की तू इथली रहिवासी ठरशील! तुझ्या तिकडच्या सगळ्या पगारावर इथे कर लागेल!"

काकूंनी कपाळावर हात मारला.

"मग काय करू?" लेकीने हळूच विचारलं. हा प्रश्न काकांना हजारो क्लायंटनी विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

काकांनी खोलीकडे पाहिलं. नव्या चादरीकडे पाहिलं, तिच्यावर बसलेल्या काकूंकडे पाहिलं.

"कर भर," ते म्हणाले. "सगळा भर. पण ये."

काकू डोळे विस्फारून नवऱ्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात 'कर भर' हे दोन शब्द त्यांनी या माणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

काकांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि फोनजवळ वाकून हळू आवाजात म्हणाले, "फक्त येताना तिकडे कापलेल्या कराचा दाखला घेऊन ये, बाळा. तेवढी सूट मिळते."