संगीत शेवटचं डबकं

एका जंगलात एक सिनेमा होता.

सिंह होता, कोल्हा होता, हरणं होती, ते तर असतंच बाळांनो. सिंहाशिवाय जंगलाला मान्यता मिळत नाही. पण या जंगलाचा स्वतःचा एक सिनेमा होता आणि तो चांगला होता. एवढं भाग्य फार थोड्या जंगलांच्या वाट्याला येतं.

सिनेमाचं नाव ‘शेवटचं डबकं’. गोष्ट एवढीशी. दुष्काळ पडतो. नदी आटते, ओढे आटतात. एकच डबकं उरतं. एका बाजूने सिंह येतो, दुसऱ्या बाजूने हरिणी येते. दोघंही तहानलेली. दोघं एकमेकांकडे बघतात. मग सिंह निम्मं पाणी पितो, निम्मं तिच्यासाठी ठेवतो आणि निघून जातो.

संपला सिनेमा.

त्या शेवटच्या प्रसंगात कुणी एक शब्द बोलत नाही. मागे वाद्यं वाजत नाहीत. जाणाऱ्या सिंहाची नुसती पाठ दिसते. ज्याने कुणी तो प्रसंग घेतला, त्याला गप्प बसायची अक्कल होती. ती पुढे कुणाला आली नाही, पण ते नंतर सांगतो.

दर उन्हाळ्यात, दिवेलागणीला, दोन सागांच्या मध्ये पांढरा पडदा बांधायचा आणि तो सिनेमा लावायचा, अशी त्या जंगलाची रीत होती. डबक्याचा प्रसंग आला की सगळं जंगल गप्प. रातकिडेसुद्धा थांबायचे. रातकिडे वणव्यासाठीही थांबत नाहीत, बाळांनो.

आणि सिंहमहाराज? ते हमसून हमसून रडायचे. पुढचे आठ-दहा दिवस त्यांना हरणाच्या अंगाला दात लावणं जमायचं नाही. “डबकं आठवतं रे,” म्हणायचे आणि खेकड्यांवर भागवायचे.

हरिणी काही खुळ्या नव्हत्या. त्यांची बाळंतपणं नेमकी त्याच दिवसांत उरकायची. महाराजांचं मन ताळ्यावर येईपर्यंत पाडसं धावायला शिकलेली असायची. सिनेमाने समाज सुधारतो का, या विषयावर जंगलात दरवर्षी परिसंवाद व्हायचा. हरिणी त्याला कधी गेल्या नाहीत. त्यांना पोरांमागे धावायचं असायचं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे आता कुणीतरी ते सुधारायला येणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आले जंबूनाना. हे कोल्हे. पेशाने निर्माते. त्यांनी स्वतः कधी काही निर्माण केलं नव्हतं, पण जे आहे त्याची निर्मिती पुन्हा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्या उन्हाळ्यात कुरंगाबाई नावाची हरिणी त्यांच्याकडे गेली. सिनेमातली हरिणी म्हणजे या कुरंगाबाईंची थोरली मावशी. कुरंगाबाईंचे दिवस भरत आले होते आणि अजून पडदा बांधलेला दिसत नव्हता.

“नाना, यंदा सिनेमा कधी लावताय?”

“सिनेमा?” नाना हसले. “ताई, कुठल्या जमान्यात आहात? यंदा नाटक! ‘संगीत शेवटचं डबकं’. बेडकांचा कोरस, फिरता रंगमंच आणि डबक्यात खरं पाणी!”

“सिनेमातही खरंच होतं की पाणी.”

“पण तिथं ते ओलं लागत नव्हतं. इथं पहिल्या रांगेवर शिंतोडे उडणार!”

“बरं, आणि सिनेमा?”

“पेटीत. कुलूप घातलंय. दोन्ही दाखवली तर लोक तुलना करतील. तुलना म्हणजे कलेचा अपमान, ताई.”

कुरंगाबाईंनी मग हात जोडले. म्हणजे पुढचे दोन पाय जोडले.

“नाना, काय हवं ते घाला. बेडूक घाला. फक्त डबक्याचा प्रसंग आहे तसा ठेवा. गप्प.”

“गप्प?” नानांच्या मिशा उभ्या राहिल्या. “अहो, सिनेमात नट गप्प राहिला तर त्याला अभिनय म्हणतात. नाटकात गप्प राहिला तर प्रॉम्प्टर ओरडतो. तिथं द्वंद्वगीत घातलंय मी!”

“नाना, माझी वेळ आलीय. महाराज रडले नाहीत, तर माझ्या लेकराचं काय?”

“रडतील हो! दुसऱ्या कडव्याला सनई आहे!”

कुरंगाबाई परत निघाल्या. नानांनी मागून हाक मारली.

“अहो ताई, पास घेऊन जा. तुमच्या मावशीच्या स्मृतीनिमित्त तुमचा सत्कार ठेवलाय. अगदी पहिल्या रांगेत बसायचं. महाराजांच्या शेजारी!”

प्रयोगाचा दिवस उजाडला. मांडव तुडुंब भरला. निम्मे लोक पासवर आले होते आणि उरलेले निम्मे पास का मिळाला नाही, ते विचारायला.

आधी सत्कार झाला. कुरंगाबाईंच्या अंगावर शाल आली, पुढ्यात नारळ आला. नानांनी भाषण केलं. मूळ सिनेमाबद्दल आपल्याला नितांत आदर आहे, असं ते म्हणाले. बाळांनो, मोठेपणी तुमच्याबद्दल कुणी नितांत आदर आहे असं म्हणालं, तर आधी आपली शेपूट जागेवर आहे का बघा.

मग पडदा वर गेला.

सिंहाचं काम करत होता मोर. नाव नीलकंठराव. आयाळ लावली होती, पण पिसारा तसाच होता. तालमीत कुणीतरी विचारलं म्हणे, सिंहाला पिसारा कसा? नाना म्हणाले, “लोक येणार कशाला, आयाळ बघायला?” हरिणीचं काम एका शेळीला दिलं होतं, कारण तिला नाचता येत होतं. मोराचा आवाज तुम्ही ऐकलाय. तेव्हा गाणी गायला आत कोकिळ बसला होता. तो गायचा आणि नीलकंठराव चोच हलवायचे.

दुष्काळावर एक गाणं झालं. आटलेल्या नदीवर एक नृत्य झालं, त्यात नाचणाऱ्यांनी निळ्या ओढण्या घेतल्या होत्या. नदी आटली होती तर ओढण्या कशाला, हा प्रश्न शेवटच्या रांगेतल्या एका सशाने विचारला. त्याला सगळ्यांनी ‘शू!’ केलं.

महाराज खुशीत होते. ताल धरत होते. मध्यंतरात त्यांनी चार प्लेट भजी खाल्ली. ‘पोट हलकं वाटतंय’ म्हणून आणखी चार मागवली.

कुरंगाबाई तिरक्या नजरेने त्यांच्याकडे बघत होत्या. महाराजांच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता.

शेवटी डबक्याचा प्रसंग आला. रंगमंचाच्या मधोमध पाण्याने भरलेली परात होती. एका बाजूने नीलकंठराव आले, दुसऱ्या बाजूने शेळी आली. सनई वाजली. आत कोकिळाने तान घेतली.

“निम्मं तुझं, निम्मं माझं,
डबक्यात चांदणं ताजं ताजं!”

बेडकांनी मागून ‘ताजं ताजं!’ म्हटलं. नीलकंठरावांनी पिसारा फुलवला आणि ते परातीतलं निम्मं पाणी प्यायले. चोच पाण्यात होती तरी गाणं चालूच होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“वन्स मोअर!”

आता नाट्यसंगीताची रीत तुम्हाला ठाऊक आहे. वन्स मोअर आला की गाणं पुन्हा म्हणायचं. नुसतं गाणं नाही, सगळं पुन्हा करायचं. कोकिळ पुन्हा गायला. नीलकंठराव पुन्हा आले, पुन्हा चोच बुडवली. उरलेल्यातलं निम्मं गेलं.

“वन्स मोअर!”

पुन्हा तेच. परातीत आता तळ दिसायला लागला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून डरकाळी आली. स्वतः महाराज उभे होते.

“वन्स मोअर!”

राजाज्ञाच ती. नीलकंठरावांचं पोट मडक्यासारखं फुगलं होतं. पण नट तो नट. त्यांनी डोळे मिटले, चोच घातली आणि परात कोरडी ठणठणीत केली.

“अहो, माझं पाणी?” शेळी म्हणाली. हे नाटकात नव्हतं.

नीलकंठरावांनी तिच्यासमोर पिसारा धरला आणि प्रेक्षकांना नमस्कार केला. शेळी पाय आपटत आत निघून गेली. डुलत डुलत नीलकंठरावही गेले. मांडव टाळ्यांनी दणाणला.

महाराज खाली बसले. चेहऱ्यावर मोठा उजेड पडला होता.

“अरे! म्हणजे सिंह सगळंच पाणी पितो होय!” ते म्हणाले. “सिनेमात हे नीट कळलंच नव्हतं. मी बापडा इतकी वर्षं खेकडे खात बसलो.” त्यांनी एक खोल श्वास घेतला. “काय सुरेख नाटक आहे! कसं मोकळं मोकळं वाटतंय. भूकसुद्धा कशी कडकडून लागलीय!”

आणि त्यांनी शेजारी पाहिलं.

शेजारी कुरंगाबाई होत्या. शाल पांघरलेल्या. पुढ्यात नारळ.

“तुम्ही त्या मावशींच्या भाची ना?” महाराज प्रेमाने म्हणाले. “घराण्यात अंग चांगलं आहे.”

कुरंगाबाई उठल्या. मागे गर्दी, बाजूला महाराज. मोकळी वाट एकच, रंगमंचाची. शाल खुर्चीतच राहिली. त्या पायऱ्या चढून वर गेल्या, मागच्या दाराने पळायचं म्हणून. पण विंगेत बेडकांचा अख्खा कोरस नमस्काराला उभा होता आणि दुसऱ्या विंगेत हार घेऊन जंबूनाना. पळायला वाट नाही.

कुरंगाबाई कोरड्या परातीपाशी थांबल्या. परातीकडे बघितलं. मग महाराजांकडे बघितलं.

त्यांना अभिनय येत नव्हता, बाळांनो. त्या फक्त भ्यायल्या होत्या.

आत कोकिळाने आणि सनईने पुन्हा गाणं धरलं होतं. कोकिळाला वाटलं, ही नवी नटी गाणं विसरली. तो थांबला. सनई थांबली. पारवा प्रॉम्प्टर होता, तो कुजबुजला, “निम्मं तुझं... निम्मं तुझं...” कुरंगाबाई बोलल्या नाहीत. मग तोही गप्प झाला.

आणि मांडवाबाहेर रातकिडे थांबले. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची जुनी सवय.

कोरडी परात. पोटुशी हरिणी. आणि समोर सिंह. कुणी हललं नाही.

बऱ्याच वेळाने पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला. महाराज मुसमुसत होते. मग हुंदका फुटला. मग ते हमसून हमसून रडायला लागले. खुर्चीतली शाल त्यांनी नाक पुसायला घेतली.

“निम्मं ठेवायचं होतं रे,” ते म्हणत होते. “तिच्यासाठी निम्मं ठेवायचं होतं.”

कुरंगाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या हळूच विंगेकडे वळल्या.

“वन्स मोअर!” महाराज रडत रडत ओरडले.

शांततेला वन्स मोअर मिळण्याची ही जंगलातली पहिलीच वेळ. कुरंगाबाई पुन्हा परातीपाशी येऊन उभ्या राहिल्या. पुन्हा रातकिडे थांबले. पुन्हा महाराज रडले. पुन्हा वन्स मोअर. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी कुरंगाबाई खाली बसल्या, आणि थोड्या वेळाने परातीशेजारी एक ओलं, थरथरतं पाडस दिसायला लागलं.

महाराज उठले. मान खाली घालून, एक शब्द न बोलता, मांडवाबाहेर चालते झाले. सगळ्यांना त्यांची नुसती पाठ दिसली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं. जंगलातलं वर्तमानपत्र पोपट काढायचे. परीक्षणात लिहिलं होतं: ‘नेत्रसुखद प्रयोग. नीलकंठरावांचा पिसारा अविस्मरणीय. निर्मितीमूल्ये उच्च. फक्त शेवटचा मूक प्रसंग फार लांबतो. तिथे एखादे गाणे घातल्यास प्रयोग अधिक रंगेल. सहकुटुंब पाहावा.’

जंबूनाना ते घेऊन कुरंगाबाईंकडे गेले. पाडस आईला चिकटून दूध पीत होतं.

“ताई, अभिनंदन! रविवारी दुसरा प्रयोग. तुम्ही यायचं. पोरालाही आणा, टाळ्या घेईल. फक्त त्या तुमच्या प्रसंगात आता अंगाई घालतोय. पोपटांचं म्हणणं पडलं.”

“मी नाही यायची, नाना.”

“अहो, असं काय करता? पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी दिसेल!”

“मग तुम्ही बसा.”

“मी?”

“तुम्हीच. निर्मात्याने बसावंच पहिल्या रांगेत. महाराजांच्या शेजारी.” कुरंगाबाई पाडसाला चाटत होत्या. “अंगाईला ते रडलेच, तर प्रश्नच नाही. नाही रडले, तर नाटक संपताना त्यांना मोकळं मोकळं वाटतं. आणि भूक लागते. कोल्हा खातात का ते, कुणास ठाऊक.”

आयुष्यात पहिल्यांदाच जंबूनानांनी एक पूर्ण प्रसंग गप्प राहून केला. चांगला केला.

रविवारी मांडव नव्हता. दोन सागांच्या मध्ये पांढरा पडदा होता. त्या पडद्याखाली जंबूनानांनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: ‘आमच्या गाजलेल्या संगीत नाटकावर आधारित भव्य सिनेमा!’

सिनेमा लागला. डबक्याचा प्रसंग आला. रातकिडे थांबले. महाराज रडले.

शेवटच्या रांगेतून एक पोपट दुसऱ्याला म्हणाला, “मूळ नाटकाची सर नाही.”

तात्पर्य: चांगली कलाकृती वाचवायची असेल, तर रसिकांच्या भरवशावर राहू नये. जो तिला सुधारायला निघाला असेल, त्याला सन्मानाने पहिल्या रांगेत, सिंहाशेजारी बसवावं.