दार उघडणे : शेवटचे काम

"दार उघडायचं काम सगळ्यात शेवटी का?" साहेबांनी विचारलं, तेव्हा पायरीसाहेबांना त्यांची कीव आली.

"साहेब, उघडायचं काय असतं? बंद दार. मग ते आधी बंद व्हायला नको?"

पायरीसाहेबांशी वाद घालायला सहसा कुणी जात नसे. ग्राहकाच्या मागणीची बारीक बारीक कामं पाडायची, ती क्रमाने लावायची आणि प्रोग्रामर मंडळींना वाटायची, ही त्यांची नोकरी. एक पायरी पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावू देत नसत, म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. कुणी मधली पायरी गाळू नये म्हणून त्यांनी कॉम्प्युटरमध्ये क्रमालाच कुलूप घातलं होतं. शिवाय जे काम होईल ते त्याच क्षणी चालू झालं पाहिजे, हा त्यांचा दुसरा लाडका नियम.

एका शीतगृहाच्या मालकांनी त्यांना मागणी लिहून पाठवली होती. ओळखीच्या माणसालाच दार उघडावं आणि आत कुणी नसेल तर गारवा वाढावा. बस, एवढंच. पायरीसाहेबांनी त्याची इतकी कामं पाडली की त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायला भिंत पुरेना. मालकांनीही हौसेने आपलं एक पोलादी दार ऑफिसच्या बैठकीच्या खोलीला बसवून दिलं होतं आणि खोलीचे दिवे नि एसी त्याला जोडून घेतले होते. आज ते प्रगती बघून ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवणार होते.

"ऑर्डर गेली," साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "तर पाठोपाठ तुम्ही पण जायचं."

मालक आले. साहेब, मालक आणि पायरीसाहेब बैठकीच्या खोलीत बसले. बाहेर आपल्या जागेवर बसलेल्या प्रोग्रामर ताईने पहिलं काम पूर्ण झाल्याची खूण केली आणि दार खट्ट आवाज करून बंद झालं.

मालकांनी ते ओढून पाहिलं. पाय लावून ओढून पाहिलं. "झकास! हलत पण नाही. आता उघडा."

पायरीसाहेबांनी घसा खाकरला. "ते अजून व्हायचंय."

"कधी?"

"क्रमाने."

साहेबांचा चेहरा पडला. पायरीसाहेबांनी ताईला फोन लावला. "ताई, जरा ते उघडायचं काम आधी घ्या बरं."

"सर, कॉम्प्युटर घेतच नाहीये. तुम्हीच कुलूप घातलंय ना! तुमच्या मशीनवरून मंजुरी द्यावी लागेल."

"मग बसा माझ्या मशीनवर."

"बसले. तुमचा अंगठा मागतंय."

पायरीसाहेबांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा आत, मशीन बाहेर.

"मेन स्विच बंद करा!" साहेब ओरडले.

"वीज गेली की दार आणखी घट्ट बसतं," मालक म्हणाले. "ती अट माझीच आहे."

"मग दार फोडा!"

"माझं दार?" मालक दुखावले. "अहो, ते फुटत नाही म्हणून तर खपतं!"

तेवढ्यात पायरीसाहेबांच्या बायकोचा फोन आला.

"अहो, कुठे आहात?"

"अडकलोय. आमच्याच दाराच्या आत."

"मग उघडा की."

"त्याच्याआधी बरीच कामं आहेत."

"घरी तरी दुसरं काय करता! परवा पाहुणे बेल वाजवत उभे, आणि तुम्ही म्हणे आधी चपला लावतो. बसा तिथेच!"

इकडे पुढचं काम संपलं. दारावर आतून धडका मारल्या तर भोंगा वाजावा, असं ते काम होतं. साहेब त्या वेळी दारावर बुक्क्या मारत होते. भोंगा असा कोकलला की साहेब टेबलाखाली गेले आणि मालकांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

पाठोपाठ गारव्याचं काम आलं. आत नोंदणी झालेला माणूस नसेल तर खोली रिकामी धरायची, असं पायरीसाहेबांनी स्वतःच लिहिलं होतं. नोंदणीचं काम अजून दूर होतं. म्हणजे हिशेबाने खोलीत कुणीच नव्हतं. दिवे गेले आणि छतातून गार वारा भसाभसा सुटला.

"अहो, आम्ही आहोत!" साहेब अंधारात छताकडे बघून ओरडले.

"त्याच्या लेखी नाही आहोत," पायरीसाहेब कुडकुडत म्हणाले. एवढ्या थंडीतही आपला क्रम चोख चालल्याचं त्यांना मनातून बरं वाटत होतं, हे मात्र सांगितलं पाहिजे.

खोलीत पांघरण्यासारखा एक टेबलक्लॉथ होता. ग्राहक म्हणून तो मालकांना मिळाला. ते तो डोक्यावरून घेऊन बसले आणि त्यांच्या दातांची टकटक ऐकून पायरीसाहेबांना आपली नोकरी गेल्याची खात्री पटली. घराचे हप्ते, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांपुढे नाचू लागलं.

अखेर नोंदणी सुरू झाली. मोबाइलच्या उजेडात तिघांनी एकेक करून दारावरच्या कॅमेऱ्याला चेहरे दाखवले. दिवे आले, वारा थांबला. मग ओळख पटवणं, मग परवानगी, आणि एकदाचं ते शेवटचं काम! मालकांनी आनंदाने टेबलक्लॉथ भिरकावला आणि ते दारापुढे उभे राहिले.

"अनोळखी व्यक्ती," दार म्हणालं.

"अहो, पांघरा! पांघरा! तुमची नोंद तशीच झालीय!" पायरीसाहेब ओरडले.

मालकांनी टेबलक्लॉथ पुन्हा डोक्यावर घेतला. "या, स्वागत आहे," म्हणत दार उघडलं.

बाहेर येताच साहेब खुर्चीत कोसळले. पायरीसाहेब मान खाली घालून उभे राहिले. मालक टेबलक्लॉथ तसाच घेऊन त्यांच्यापुढे आले.

"या कामाला मला किती वेळ सांगितला होतात?"

"तीन महिने."

"आणि झालं आज दुपारच्या चहाच्या आत. ताई, हे कसं काय जमलं?"

ताईने आधी साहेबांकडे पाहिलं, मग पायरीसाहेबांकडे. मग खरं तेच सांगून टाकलं. "मीटिंग नाही झाली ना सर. एरवी एका कामाला चार मीटिंगा असतात. आज बोलावणारे दोघंही आत."

मालकांनी समजल्यासारखी मान हलवली. "ऑर्डर तुम्हालाच. माझ्या सगळ्या शीतगृहांची."

पायरीसाहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. साहेब टुणकन उठून उभे राहिले. "मग लगेच एक मीटिंग घेऊ या!"

"जरूर घ्या," मालक म्हणाले. त्यांनी दोघांना पाठीवर हात ठेवून प्रेमाने पुन्हा खोलीत नेलं, टेबलक्लॉथ पायरीसाहेबांच्या खांद्यावर घातला आणि स्वतः बाहेर आले.

"ताई," दार ओढून घेत ते म्हणाले, "या दोघांची नोंदणी खोडून टाका. आणि काम संपलं की मला कळवा."