टाकीतून पास झालेली लेन्स

पाणीपुरवठा कार्यालयाच्या छायाचित्रकाराने लेन्स निवडायला अकरा महिने घेतले आणि भांडारपालाने ती बुडवायला एक दुपार.

छायाचित्रकाराचं काम म्हणजे फुटलेल्या पाइपांचे फोटो काढणं. पाइप फुटला की ठेकेदार कानांवर हात ठेवायचा, "जोड आमचा नाहीच." जोडावरचा त्याचा शिक्का फोटोत दिसला, तरच तो ताळ्यावर यायचा. गेल्या वर्षी दोनदा पाण्याचे तुषार आत शिरून जुनी लेन्स धुरकटली आणि ठेकेदार उजळ माथ्याने सुटला. साहेबांनी ठणकावलं, "आता एक जरी फोटो वाया गेला, तर तुमची बदली तक्रार खिडकीवर!" त्या खिडकीला जाळी होती आणि ती का बसवावी लागली, हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं. शिवाय फोटो काढण्याखेरीज आपल्याला दुसरं काही येत नाही, हे तो स्वतः जाणून होता.

म्हणून त्याने आपल्या मिररलेस कॅमेऱ्याला पाणी आत न घेणारी झूम लेन्स मागितली. चोवीस ते एकशे पाच मिलिमीटरची लांबचं जवळ आणायची, पण अंधारात आंधळी. चोवीस ते सत्तरची जड, पण खड्ड्यातल्या उजेडातही चालणारी. रोज जेवताना तो हेच तोलत बसायचा.

"आपलं लग्न एका संध्याकाळी ठरलं होतं," बायको म्हणाली.

"म्हणून तर आता घाई करत नाही."

बायकोने त्याच्यापुढचं ताट उचललं.

शेवटी सत्तरची ठरली. कॅमेऱ्याला जोडायच्या जागी रबरी कडी असलेली. साहेबांनी एकच शंका काढली, "एकशे पाच मोठा आकडा ना? मग सत्तर कशाला?" आणि सही केली.

लेन्स आली तेव्हा छायाचित्रकार बाहेर कामावर होता. मागणीपत्रात त्याने लिहिलं होतं, ‘पाण्यात काम करण्यासाठी’. पाण्याशी संबंध येणारी प्रत्येक वस्तू, मग ती झडप असो की मीटर, आधी दाबाखाली टाकीत ठेवायची, मग बाहेर काढून, पुसून गळते का ते बघायचं, असा भांडाराचा नियम. भांडारपाल नियमाला पक्का माणूस. तो स्वतःच्या सासऱ्यालाही पावतीशिवाय खिळा देत नसे.

संध्याकाळी छायाचित्रकाराने लेन्स उचलली. आत पाणी डुचमळलं.

"हे काय केलंत?"

"पास झाली!" भांडारपाल कौतुकाने म्हणाला. "पाव वाटी पाणी बसलंय आत, पण बाहेर एक थेंब नाही. आमच्या झडपासुद्धा एवढ्या टिकत नाहीत."

"अहो, पाणी आत जायलाच नको होतं!"

"आत गेलं नाही, तर गळते की नाही ते कळणार कसं?"

छायाचित्रकार तडक साहेबांकडे गेला. साहेबांनी भांडाराचं चाचणी-प्रमाणपत्र वाचलं, ‘गळती शून्य’.

"नापास लिहू म्हणता? लिहू. मग चौकशी होईल. पहिला प्रश्न येईल, ‘पाण्यात काम करण्यासाठी’ हे कोणाचं अक्षर?"

छायाचित्रकाराने लेन्स ताब्यात घेतली.

चौथ्याच दिवशी मोठा पाइप फुटला. जुनी लेन्स भांडारात जमा झाली होती आणि त्याचा स्वतःचा फोन फक्त बोलण्यापुरता. त्याने बायकोचा फोन मागितला. तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला आणि बजावलं, "याला टाकीत घालू नका."

बुडालेल्या लेन्सचा कॅमेरा लोकांना दिसेल असा गळ्यात अडकवून तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि पाठमोरा होऊन फोनवर फोटो काढला. जोडावरचा शिक्का लख्ख आला. या खेपेला ठेकेदाराची बोलती बंद झाली.

साहेब खूश झाले. "याला म्हणतात चाचणी! आणखी चार लेन्स मागवा, सगळ्या टाकीतून काढायच्या. भांडारपालांना प्रशस्तिपत्र."

"साहेब, तो फोटो..."

"फोटोचं काय?"

खासगी फोनवरचा फोटो पुरावा म्हणून धरत नसत. खरं सांगितलं, तर ठेकेदार सुटणार आणि आपण जाळीच्या आत.

"छान आलाय, साहेब."

"मग लेन्सबद्दल अभिप्राय द्या."

त्याने लिहिलं, ‘चाचणीमुळे लेन्सची कामगिरी समाधानकारक.’ लिहिताना त्याला स्वतःची किळस आली. बाजूला भांडारपाल विनयाने उभा होता.

"सही करा, आणि खाली नाव नीट लिहा," साहेब म्हणाले. "वाचता आलं पाहिजे."

सव्वीस वर्षांत त्याच्या एकाही फोटोखाली कोणी त्याचं नाव घातलं नव्हतं. त्याने सुवाच्य अक्षरात ते लिहिलं.