झोप न मोडणारी बासरी

"जागा पाहून आवाज ठरवायचा असतो!" चंद्रभागाबाईंनी ओसरीवरून जाहीर केलं. "तीस वर्षं माळावर हाळ्या दिल्यात मी. कोणता आवाज कुठवर जातो, ते मला कोणी शिकवायचं न्हाई!"

नात रागिणीचं रिसेप्शन औंढ्याच्या रस्त्यावर, वैजनाथ पाटलाच्या लॉनवर ठरलं होतं. लॉनसुद्धा बाईंनीच मिळवलं होतं. मागच्या भिंतीला लागून पाटलाचं हळद काढलेलं मोकळं रान. तिथं आठवडाभर आपल्या दोनशे मेंढ्या बसवायच्या, लेंडीखतानं रान भरून द्यायचं आणि बदल्यात एक संध्याकाळ लॉन वापरायचं! मेंढ्यांसोबत एक काळी शेळीही होती. तिचं आणि बाईंचं कधीच पटलं नव्हतं, पण शेळीला सौद्यातलं काय कळतं!

घरच्यांना ताकीद एकच होती. रिसेप्शनमध्ये मेंढ्यांचं नाव काढायचं नाही. नवरदेवाची आई साधनाताई हिंगोलीत मास्तरीण. अशा घरात आपली पोरगी मेंढरंवाल्याची म्हणून कमी लेखली जाऊ नये, यात बाईंचा जीव अडकला होता. फार वर्षांपूर्वी कळमनुरीच्या एका दुकानात शेजारच्या बाईनं त्यांना पाहून नाकाला पदर लावला होता. बाई अजून त्या दुकानावरून जात नाहीत.

"माय, डीजे लावू," मुलगा शिवहार म्हणाला.

"आन् भिंतीपल्याडच्या गाभण मेंढ्या? पहिल्याच दणक्याला गाभडतील!"

"मग आपला धनगरी ढोल?"

"वा! त्यापरीस गळ्यात पाटीच लटकव ना, आमी मेंढरंवाले म्हणून!"

"बँड?"

"उघड्या जागेत बँड म्हणजे पत्रे उडाल्यावानी. बासरी लावा! मऊ आवाज, सभ्य आवाज. पाव्हणे खूश आन् मेंढ्यांची झोपही मोडणार न्हाई."

खाटेवरून बाईंचे यजमान ज्ञानबा हळूच म्हणाले, "आगं, बासरीचं एक सांगायचं व्हतं..."

"तुमी गप बसा! तोंडात दात न्हाईत, आन् गाण्यातलं सांगून राहिले!"

ज्ञानबा गप बसले. त्यांचा त्यात पन्नास वर्षांचा सराव होता.

रिसेप्शनला हिंगोलीचे बासरीवादक प्रमोद सर रेशमी कुडता घालून आले, मंचाच्या कडेला बसले आणि डोळे मिटून त्यांनी पहिला सूर लावला. साधनाताई भारावल्या. "किती छान! निवड कुणाची?"

"माझीच!" बाईंची मान फेट्यासारखी ताठ झाली.

"आगं, ऐक तर..." ज्ञानबा डोक्यावरचा फेटा सावरत म्हणाले.

"फेट्याला हात लावू नका, सुटंल!"

एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. बेंऽऽ!

"हे काय?" साधनाताईंनी विचारलं.

"सरांचा शिष्य हाय," बाई म्हणाल्या. "मागं बसून सूर धरून राहिला."

बेंऽऽ! बेंऽऽ! बेंऽऽऽ!

"बरेच शिष्य आहेत."

"नावाजलेले सर हायत!"

मग स्वयंपाकाच्या बाजूनं आचारी मोहनसिंग झारा उंचावून पळत आला. त्याच्या मागं गळ्यात घुंगरू बांधलेली म्होरकी मेंढी, आणि तिच्या मागं रानातली कुंपणाची जाळी पाडून, भिंतीला वळसा घालून आलेला सारा कळप! दोनशे मेंढ्या खुर्च्यांमधून वाट काढत, कुणाची चप्पलही न तुडवता, सरळ मंचापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि माना वर करून ऐकू लागल्या. इतके मन लावून ऐकणारे श्रोते सरांना आयुष्यात मिळाले नव्हते. पण सरांचे डोळे मिटलेले!

"आवो, ह्या इकडं कशा आल्या?" बाई पुटपुटल्या.

"दात पडल्यापासून मला शिट्टी मारता येत न्हाई," ज्ञानबा म्हणाले. "तू माळावर येणं सोडलं तवापासून, तीन सालं झाली, दिवस मावळला की पावा वाजवूनच पाण्यावर नेतो. त्यांना वाटलं, मीच बोलवून राहिलो."

"मग हे आधी काहून न्हाई सांगितलं?"

ज्ञानबांनी नुसतं बाईंकडे पाहिलं. बाईंनाच नजर खाली घ्यावी लागली.

तोवर रागिणी मंचावरून उतरली होती. दोन तास दुकानातल्या बाहुलीसारखी बसलेली पोरगी शालू सावरत खाली आली आणि तिनं एक कोकरू उचललं. "आजोबा, हे आपल्या ठिपकीचं ना?" ती हसत होती. दिवसभरात पहिल्यांदाच! मग सासूकडे वळून सरळ म्हणाली, "आई, ह्या आमच्या मेंढ्या."

झालं! बाईंना तेच दुकान दिसू लागलं. साधनाताईंचा हात पदराकडे गेला. बाईंनी श्वास धरला.

साधनाताईंनी पदर कमरेला खोचला, खाली वाकल्या आणि दुसरं कोकरू उचललं. "अगं बाई, किती ऊबदार आहे हे!"

बाईंचा धरलेला श्वास सुटला. ज्ञानबांनी कमरेचा पावा काढला. निघता निघता ते वळले. "आगं, तुझा..."

"आधी मेंढ्या न्या!"

ज्ञानबा पावा वाजवत चालू लागले. मागं मेंढ्या, मेंढ्यांमागं हातात ताटं घेतलेले पाहुणे. अशी वरात औंढ्याच्या रस्त्यानं कधी पाहिली नसेल!

पाहुणे फाटकावरून माघारी आले, तसा बाईंचा तोराही परत आला. त्या मंचावर चढल्या, पाहुण्यांकडे पाठ करून नवरा-नवरीला ओवाळलं, फोटो काढून घेतले आणि विहीणबाईंना सांगितलं, "एवढा बेत जमवायचा म्हणजे डोकं लागतं!"

मेंढ्या बसवून ज्ञानबा परत आले. "आगं, एक सांगायचं व्हतं."

या वेळी बाईंनी स्वतः खुर्ची पुढं ओढली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. "बसा. निवांत सांगा. ऐकून राहिले मी."

"त्या काळ्या शेळीनं मागून तुझा अर्धा पदर खाल्ला," ज्ञानबा म्हणाले. "मघापासून सांगून राहिलो."