रेवदंड्याच्या सुरूबनाची मोहीम

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. पश्चिम किनारीं मौजे रेवदंडा येथें सुरूच्या झाडांवर जो बिकट प्रसंग गुदरला, आणि जो अक्कलहुशारीनें निभावला, त्याची हकीकत येणेंप्रमाणें.

वादळांत उजाड जाहलेल्या किनाऱ्यावर वनखात्याचे अंमलदार राजमान्य राजश्री हर्षदराव यांणीं सुरूची रोपें लाविलीं, आणि बहुतेक वाळलीं, आणि जीं वांचलीं त्यांस पानें बेताचींच. मग वरिष्ठांचें फर्मान आलें कीं, येथून पुढें आकाशींचा उपग्रह ढगांआडूनही रडारनें पाहोन पानांचा अंदाज काढील. पानें निम्म्याहून कमी भरल्यास हर्षदरावांची बदली घाटापलीकडे.

ऐन आषाढांत पहिली पाहणी जाहली आणि पानें निम्म्याहून बहुत अधिक भरलीं. रावसाहेबांनीं कचेरींत पेढे वाटिले, आणि आपल्या हातालाच गुण आहे, ऐसें स्वमुखें सांगितलें.

मग नारळी पुनव जाहली, आणि दुसऱ्या पाहणींत बनच गायब! वरिष्ठांनीं फेरपाहणी ठरविली आणि जाब पुसला कीं, झाडें कोणीं तोडिलीं? रावसाहेब घाबरेघुबरे किनाऱ्यावर धांवले, तों झाडें होतीं तैशींच. तेथें जाळीं सांधीत फरिदाबी बसल्या होत्या. गांवच्या मासेमारीच्या होड्यांच्या त्या मालकीण. होड्या बनांतून हटवाव्या म्हणोन रावसाहेबांनीं मागें त्यांसच नोटीस बजाविली होती.

त्या म्हणाल्या, "पावसाळाभर आमच्या होड्या तुमच्या झाडांतच ओढलेल्या व्हत्या, वर नारळीच्या झापांनी शाकारून. आता दर्यात गेल्या. झाडं कोन तोडतो!"

आषाढांत रडारनें होड्याच पानांत मोजिल्या, हें उमजतां रावसाहेबांच्या तोंडचें पाणी पळालें. मग त्यांणीं अभिमान खुंटीस टांगिला आणि विनंती केली कीं, फेरपाहणीच्या दिवशीं होड्या पुन्हां बनांत आणाव्या.

"ऐन हंगामात मासळी सोडून तुमचं रान उभं करू?" फरिदाबी हंसल्या.

मग तह ठरला. नोटीस फाडावी आणि बनांत होड्यांची जागा कायम लिहून द्यावी. रावसाहेबांनीं मुकाट सही केली, आणि गांवानें हैसा म्हणोन होड्या ओढिल्या, आणि रडार वरोन गेलें, आणि पानें पहिल्याहूनही अधिक भरलीं.

वरिष्ठ बहुत संतोष पावले. बदली रद्द जाहली, मानपत्र मिळालें, आणि हुकूम सुटला कीं, पुढील सालीं बन दुप्पट करावें. रावसाहेबांनीं रोपवाटिकेकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं, थेट होड्या बांधणाऱ्या सुताराचें घर गांठिलें. मोहीम फत्ते जाहली, वनराई वाढीस लागली, म्हणोन सरकारदफ्तरीं दाखल असे.