माकडाच्या डोळ्यांत न पाहणारे साळवेकाका

जपानात कावासाकीला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे दावीद साळवे माकडाचं चित्रसुद्धा पालथं घालतात. केळ्यांच्या पाकिटावर हसरं माकड छापलेलं असलं की ते पाकीट ओट्यावर तोंड खाली करून पडतं. 'आपले पूर्वज' एवढं कुणी म्हणायचा अवकाश, काका चहाचा कप खाली ठेवतात आणि थंडपणे म्हणतात, "तुमचे असतील."

काका मूळचे नगरचे. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर, रविवारी चर्च न चुकवणारे. नाताळात त्यांच्या घरून येणाऱ्या करंज्यांपुढे आमचा दिवाळीचा फराळ मान खाली घालतो. गंमत म्हणजे रूथकाकूंनी नगरला शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्याही तितक्याच श्रद्धाळू, पण देवाने माणूस सावकाश घडवला असेल तर त्यांची काही हरकत नाही. त्या उत्क्रांतीचे पेपर तपासायला बसल्या की काका म्हणे अंगणात जाऊन बसायचे.

मी पुण्याचा, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. एकदा मी त्यांना मासा, कासव, वराह असे अवतार सांगितले आणि आमच्याकडे हे सगळं आधीच ठरलेलं आहे, अशी फुशारकी मारली. काका शांतपणे म्हणाले, "मग तुला कसली काळजी? तुम्हाला परत यायला मिळतं. आम्हाला एकदाच."

त्या दिवशी त्यांनी मला नागोयाची हकिकत सांगितली. जपानात नवे असताना ते तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेले होते. काचेपलीकडे एक मोठं वानर बसलं होतं. काकांनी कान खाजवला, त्यानेही खाजवला. काकांनी चष्मा काढला, तर त्याने स्वतःच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं. मग त्याने काचेवर पंजा टेकवला आणि काकांचाही हात आपोआप वर गेला. काच मधे होती, तरी पंजा गरम लागला, असं काका शपथेवर सांगतात. "त्याने मला ओळखलं, मंदार," ते म्हणाले. मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"लोकांना वाटतं, मला माकडाची लाज वाटते," काका पुढे म्हणाले. "लाज कसली? आम्हाला शिकवलंय, आधी माणूस, मग पाप, आणि पापापाठोपाठ मरण. म्हणजे मरण आगंतुक आहे. एक दिवस देव त्याला हाकलून देणार. पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते माणसाच्या कितीतरी आधीपासून घरातच आहे, आणि मेलेल्यांच्या ढिगावर आपण उभे आहोत. मग आमची एस्तेर गेली, ते देवाला पहिल्यापासून मंजूर होतं, असंच ना?"

एस्तेर त्यांची एकुलती मुलगी. पहिलीत असताना तापाने गेली. आत काकू भांडी घासत होत्या, तो आवाज थांबला होता.

या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाची सहल डोंगरात, गरम पाण्याच्या कुंडातली माकडं बघायला गेली. काकूंना जायचंच होतं आणि बर्फात त्यांचा गुडघा दगा देतो, म्हणून काका आले. वाटेवर पाटी होती. मी वाचून दाखवली: माकडांच्या डोळ्यांत पाहू नये. "बघ, शहाणे लोक आहेत," म्हणत काका प्रथमच खुलले आणि बुटांकडे बघत चालू लागले.

पुढे सगळ्यांच्याच गप्पा बंद पडल्या. झाडं काळी, वाफ पांढरी, आणि बर्फ पायाखालचा आवाजही गिळत होता. माकडं आमच्या पायांजवळून जात होती, पण आमच्याकडे एकही बघत नव्हतं. त्यांच्या लेखी आम्ही तिथे नव्हतोच.

कुंडापासून दूर, एका दगडावर एक माकडीण बसली होती. तिच्या मांडीवर चामड्याच्या जुन्या पिशवीसारखं काहीतरी वाळलेलं होतं आणि ती एकेक केस बाजूला करून त्यातल्या उवा वेचत होती. तिथल्या राखणदाराने हलक्या आवाजात जपानीत काही सांगितलं. काकूंनी विचारलं, म्हणून मला मराठीत सांगावं लागलं: ते तिचं पिल्लू आहे. जाऊन बरेच दिवस झाले. ती खाली ठेवत नाही.

काकांनी मान वर केली आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. मी घाबरलो. आता ही दात विचकणार, झेपावणार. पण ती उवा वेचायची थांबली आणि तशीच त्यांच्याकडे बघत राहिली. मग काकांनी लोकरीची टोपी काढून छातीशी धरली.

"रूथ," ते म्हणाले, "हिलाही पटलेलं नाही गं."

काकूंनी काकांचा दंड घट्ट धरला. मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी वाफेकडे तोंड केलं. खालून मंडळाच्या अध्यक्षांनी बस सुटत असल्याची हाक दिली, तेव्हा मी काकांच्या खांद्याला हात लावला.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "हिच्याजवळ थोडा वेळ कुणीतरी बसायला हवं. आमच्याजवळ तेव्हा कुणी बसलं नव्हतं."